ट्रायकोमोनास: केसपेपर एकीचा, आजार दोघांचा

स्लाइडवर सलाइनचा थेंब टाकायचा, त्यात स्वॅब घोळवायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची, मायक्रोस्कोपचा कंडेन्सर जरा खाली घ्यायचा आणि बघायचं. पांढऱ्या पेशी जागच्या जागी गप्प पडलेल्या असतात. त्यांच्यामधून साधारण तेवढ्याच आकाराचा एखादा जीव झटके देत, गिरक्या घेत वाट काढताना दिसतो. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी लॅब टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी झाली. मलेरिया, साखर, थुंकी, सगळं तपासलं. पण हा ट्रायकोमोनास दिसला की शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारून दाखवायचा मोह मला शेवटपर्यंत आवरला नाही.

मग रिपोर्ट लिहायचा: ‘ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस आढळला’. बाई गोळ्या घेऊन घरी जाते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच बाई, तोच त्रास, नवा केसपेपर. गोळ्या चांगल्याच होत्या, तिने घेतल्याही होत्या. घरी जो दुसरा होता त्याला कुणी विचारलं नव्हतं. हा आजार बरा करणं सोपं आहे, जोडीने बरा करणं अवघड आहे. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये औषधापेक्षा त्या दुसऱ्या माणसाबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी हा कोण ते बघू

ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. बॅक्टेरिया नाही, बुरशी नाही, व्हायरसही नाही. आकार पेरूच्या फोडीसारखा नव्हे, नाशपतीसारखा: एका टोकाला फुगीर, दुसरीकडे निमुळता. पुढच्या टोकाला चार शेपट्या आणि अंगालगत पडद्यासारखी थरथरणारी पाचवी. पॅरिसमध्ये आल्फ्रेड डोने या डॉक्टरने १८३६ साली त्याचं पहिलं वर्णन केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली १५ ते ४९ वयोगटात १५ कोटी ६० लाख लोकांना त्याची नव्याने लागण झाली. लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या आणि औषधाने पूर्ण बऱ्या होणाऱ्या आजारांत हा सगळ्यांत जास्त आढळणाऱ्यांपैकी. तरी नाव कुणाला माहीत नसतं.

त्याची एक गोष्ट लक्षात ठेवली की निम्मे प्रश्न सुटतात. आमांशाच्या जंतूसारखं जाड कवच करून बाहेर टिकून राहणं याला जमत नाही. वाळला की मेला. म्हणून संडासाचं भांडं, एसटी स्टँडवरचं शौचालय, तलावाचं पाणी यांच्यावर त्याचं बिल फाडता येत नाही. ओल्या टॉवेलवर तो काही वेळ जिवंत राहू शकतो हे खरं, तेव्हा दुसऱ्याचा ओला टॉवेल वापरू नये. पण लागण होते ती संबंधातूनच: पुरुषाकडून स्त्रीला, स्त्रीकडून पुरुषाला, आणि दोन स्त्रियांच्या संबंधांतही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. लागण झालेल्यांपैकी बहुतेकांना, साधारण १० पैकी ७ जणांना, काहीच जाणवत नाही. पुरुषांच्या बाबतीत तर हे फारच. त्रास होणारच असेल तर लागणीनंतर बहुधा ५ ते २८ दिवसांत सुरू होतो, पण काहींना कित्येक महिन्यांनी होतो. स्त्रीच्या शरीरात तो गुपचूप वर्षभर, त्याहूनही जास्त राहू शकतो. याचा अर्थ पुढे पाचव्या पायरीला कामाला येणार आहे.

पायरी १: अंगावरून जातंय ते कसं जातंय?

आपल्याकडे या सगळ्याला एकच नाव: अंगावर पांढरं जाणं, धुपणी. कुणी म्हणतं उष्णता झाली, कुणी म्हणतं हाडं पाझरतात. हाडं पाझरत नाहीत. तांदळाचं धुवण पिऊन काही बिघडत नाही, पण त्याने हा जंतूही मरत नाही. डेटॉलच्या पाण्याने आतून धुणं मात्र बिघडवतं. योनीमार्गात चांगले बॅक्टेरिया असतात, ते मरतात, कातडी सोलवटते आणि दुखणं वाढतं.

पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्यासारखा, तार येणारा, वास नसलेला स्राव जातो. तो निरोगीपणाचा आहे, त्याला औषध नाही. दह्याच्या चोथ्यासारखं पांढरं आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा बुरशी. पातळ, करडट, आणि संबंधानंतर जास्त येणारा माशासारखा वास असेल तर बहुधा आतल्या बॅक्टेरियांचा तोल बिघडलेला. ट्रायकोमोनासचा पुस्तकी स्राव पिवळट-हिरवट, फेसाळ, वासाचा. सोबत खाज, लघवीला जळजळ, संबंधाच्या वेळी दुखणं. पुरुषाला झालाच त्रास तर मूत्रमार्गात चुरचुर, सकाळी थोडा स्राव.

पण मी ‘पुस्तकी’ म्हटलं ते मुद्दाम. स्लाइडवर भरपूर जंतू आणि बाईला फक्त थोडा ओलावा, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. दोन आजार एकत्रही असतात. तेव्हा या वर्णनाचा उपयोग एवढाच की डॉक्टरांना नीट सांगता यावं. रंग बघून मेडिकलमधून स्वतःच क्रीम आणायला त्याचा उपयोग करू नये. बुरशीचं क्रीम लावून या जंतूला काही होत नाही, आणि त्यात महिना जातो.

काही वेळा थांबायचंच नाही: ओटीपोटात दुखून ताप येणं, संबंधानंतर रक्त जाणं, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसणं, किंवा गरोदरपण. अशा वेळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टर.

पायरी २: कुठे जायचं

१९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांच्या तपासणीचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, सरासरी एकीला ३.६. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो आकडा आता बदलला असेल, पण केसपेपर काढताना खिडकीशी आवाज खाली जातो तो अजून तसाच जातो.

जिल्हा रुग्णालय, बरीच उपजिल्हा रुग्णालयं आणि सरकारी मेडिकल कॉलेजं इथे ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. लैंगिक आणि जननमार्गाच्या आजारांसाठीच ते आहे. तपासणी आणि औषध फुकट, आणि एक समुपदेशक बसलेले असतात. कुठे आहे ते माहीत नसेल तर नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, १०९७ ही फुकट हेल्पलाइन आहे. आशाताईंना सांगायला संकोच वाटत असेल, गाव लहान असेल, तर शेजारच्या तालुक्याला जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आमच्याकडेही बायका दोन एसटी बदलून यायच्या. खिडकीवर कारण सांगायची गरज नाही. ‘बायकांच्या डॉक्टरांना दाखवायचंय’ एवढं पुरतं. पुरुषांनी ‘लघवीला जळजळ’ म्हणावं.

आत गेल्यावर मात्र सगळं सांगायचं: कधीपासून, रंग, वास, पाळीची तारीख, गरोदर आहात का, आधी कोणत्या गोळ्या झाल्या, जोडीदाराला काही त्रास आहे का.

सरकारी दवाखान्यात कधी कधी स्लाइड न बघता, लक्षणांवरून किट देतात. रंगांची किटं असतात आणि योनीस्रावासाठी हिरवं: त्यात सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि बुरशीसाठी फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅम. मायक्रोस्कोप नसलेल्या ठिकाणी ही पद्धत शहाणपणाची आहे. तिची उणीव अशी की नेमकं काय होतं ते कागदावर येत नाही, आणि नवऱ्याचं औषध आपोआप मिळेलच असं नाही. म्हणून शक्य असेल तिथे विचारा: ‘स्लाइड बघता येईल का?’

पायरी ३: नमुना, आणि घड्याळ

इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे माझं काम.

तपासणीच्या आधीचे एक-दोन दिवस संबंध नको, आत कुठलं क्रीम किंवा गोळी नको, आतून धुणं तर कधीच नको. बाहेरून साध्या पाण्याने अंघोळ पुरते. पाळीचा जोर असेल तर दोन-चार दिवस थांबता येतं. डॉक्टर स्पेक्युलम नावाचं चिमट्यासारखं उपकरण घालून आतून कापसाच्या काडीने स्राव घेतात. अस्वस्थ वाटतं, दुखायला नको. पाय सैल सोडून तोंडाने श्वास सोडत राहिलं की सोपं जातं. बाई डॉक्टर हव्या असतील किंवा सोबत नर्स हवी असेल तर तसं सांगणं हा तुमचा हक्क आहे.

आता घड्याळ. ट्रायकोमोनास ओळखायचा तो त्याच्या हालचालीवरून. थंड पडला, वाळायला लागला की तो थांबतो, गोल होतो, आणि मग तो पांढऱ्या पेशीसारखा दिसतो. मेलेला ट्रायकोमोनास आणि पांढरी पेशी यांच्यात साध्या स्लाइडवर फरक करणं अनुभवी डोळ्यालाही जड जातं. म्हणून स्लाइड लगेच, दहा-पंधरा मिनिटांत बघायची. तासाभराने बघितलेल्या स्लाइडचा ‘नाही’ हा फारसा कामाचा नसतो. अगदी ताजी स्लाइडसुद्धा साधारण निम्म्या ते दोन तृतीयांश लागणीच पकडते. मी स्वतः ‘आढळला नाही’ असं लिहिलेल्या रिपोर्टांपैकी किती चुकले असतील याचा हिशेब मला नको आहे.

त्यातून तुमच्या हातात दोन गोष्टी येतात. एक, दवाखाना आणि लॅब एकाच इमारतीत असेल तिथे नमुना द्या. सकाळी घेतलेला स्वॅब दुपारी गोळा करून शहरात नेणाऱ्या ठिकाणी साध्या स्लाइडसाठी देऊ नका. दोन, रिपोर्टमध्ये काही आलं नाही आणि त्रास मात्र आहे, तर ‘काही नाही’ असं समजून घरी बसू नका. जंतूची जनुकं शोधणारी पीसीआरच्या जातीची तपासणी शहरांतल्या मोठ्या लॅबमध्ये होते. ती बरीच जास्त खात्रीची आहे, मेलेला जंतूही तिला सापडतो, आणि काही ठिकाणी स्वतः घेतलेला स्वॅब चालतो. महाग आहे. पुरुषांमध्ये साधी स्लाइड जवळजवळ निरुपयोगी, त्यांच्यासाठी हीच खरी तपासणी.

कधी लघवीच्या साध्या रिपोर्टमध्ये कोपऱ्यात ‘ट्रायकोमोनास आढळला’ असं येतं आणि मूतखड्याच्या गडबडीत ते तसंच राहतं. ते राहू देऊ नका. पॅप स्मिअरमध्ये, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीच्या तपासणीत, आला तर तो पक्का पुरावा मानत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करून घ्यावी लागते.

हा सापडला की एचआयव्ही, सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया यांच्याही तपासण्या करून घ्याव्यात. सरकारीत पहिल्या दोन फुकट होतात. घाबरवण्यासाठी सांगत नाही. ट्रायकोमोनास असताना आतलं अस्तर सुजलेलं असतं आणि एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण दीडपट होते.

अजून एक, आणि हे कुठल्याच टेक्निशियनने गिळू नये. लहान मुलीच्या नमुन्यात हा जंतू दिसला तर? जन्माच्या वेळी आईकडून तो तान्ह्या मुलीत येऊ शकतो, पण पुढच्या वयात तो दिसला की लैंगिक अत्याचाराची शंका घ्यावीच लागते. पॉक्सो कायद्यात ती कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन.

पायरी ४: गोळ्या

औषध एका घराण्यातलं: मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल, सेक्निडाझोल. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल म्हणजे जुलाबाची गोळी, घरोघरी डब्यात असते. मुळात ती या ट्रायकोमोनाससाठीच, १९६०च्या सुमारास बाजारात आली. १९६२ साली इंग्लंडमध्ये याच आजारासाठी ती घेणाऱ्या एका बाईच्या सुजलेल्या हिरड्या बऱ्या झाल्या, आणि तिथून तिचा बॅक्टेरियांवरचा उपयोग कळला. जुलाबाला तर ती त्यानंतर लागली.

डब्यातल्या उरलेल्या चार गोळ्या घेऊन भागत नाही. स्त्रियांसाठी आता नेहमीचा डोस म्हणजे ४०० किंवा ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस. पूर्वी एकदम २ ग्रॅम देत. २०१८ साली छापलेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत एका डोसनंतर १९ टक्के स्त्रियांमध्ये जंतू पुन्हा सापडला, सात दिवसांच्या कोर्सनंतर ११ टक्क्यांमध्ये. पुरुषांना एकदम २ ग्रॅम चालतं. नेमका डोस तुमचे डॉक्टर ठरवतील, वजन, यकृत आणि इतर औषधं बघून. रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा लिथियम चालू असेल तर ते आठवणीने सांगा.

गोळी जेवणानंतर घ्या. तोंडाला पैशाच्या नाण्यासारखी चव येते, मळमळतं, लघवी गडद होऊ शकते. हे होतं, जातं. अंगावर पुरळ किंवा हातापायांना मुंग्या आल्या तर थांबून विचारा. योनीत लावायची मेट्रोनिडाझोलची जेल यासाठी पुरत नाही, कारण जंतू मूत्रमार्गात आणि बाजूच्या ग्रंथींतही असतो. तिथे पोटातल्या गोळीनेच औषध पोचतं.

दारू. पाकिटावर इशारा असतो की या गोळीबरोबर दारू घेऊ नये. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २०२१च्या मार्गदर्शनात ही अट काढून टाकली. माझा अनुभव व्यवहाराचा आहे: ‘दारू चालत नाही’ असं सांगितलं की काही पुरुष दारू सोडत नाहीत, गोळी सोडतात. तेव्हा नवरा रोज घेणारा असेल तर ते डॉक्टरांना सरळ सांगा. ते एक डोस देता येईल का, कधी द्यायचा, ते बघतील. त्याच्या नावाने खोटं बोलून सात दिवसांच्या गोळ्या आणू नका. त्या खिशातच राहतात.

गरोदर स्त्रियांनी ‘मूल झाल्यावर बघू’ म्हणू नये. या लागणीचा संबंध दिवस भरण्याआधी पाणी जाणं, लवकर बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ यांच्याशी आहे. मेट्रोनिडाझोल गरोदरपणात देता येते. अंगावर पाजत असाल तर तेही सांगा.

पायरी ५: दुसऱ्याला सांगणं

नवऱ्याला काही होत नाही म्हणून नवरा निरोगी, असं समजू नका. त्याला काही होत नाही म्हणूनच तो जंतू घरात राहतो. दोघांनी एकाच आठवड्यात औषध घ्यायचं, आणि दोघांचं औषध संपून लक्षणं जाईपर्यंत, म्हणजे निदान सात दिवस, संबंध ठेवायचा नाही.

पहिला प्रश्न येणारच: कुणी आणला? रिपोर्ट याचं उत्तर देत नाही. जंतू कित्येक महिने, वर्षभर गुपचूप राहू शकतो. लग्नाआधीचा असू शकतो, मागच्या नात्यातला असू शकतो, मागच्या महिन्यातला असू शकतो. स्लाइडवर तारीख लिहिलेली नसते. ज्या घरात यावरून भांडण पेटतं तिथे गोळ्या तशाच राहतात. ‘हा संसर्गच आहे, कुठूनही लागतो’ असं खोटंही मी सांगत नसे. संबंधातून होतो, दोघांना असतो, दोघांचा जातो, एवढं खरं पुरतं.

बायकांना मी वाक्यच देत असे, कारण ऐन वेळी शब्द सुचत नाहीत: ‘अहो, माझ्या तपासणीत जंतू सापडलाय. डॉक्टर म्हणाले दोघांनी एकदमच गोळ्या घ्यायच्या, नाहीतर माझा त्रास जाणार नाही. तुम्हाला काही होत नसलं तरी. सोमवारी येता का माझ्याबरोबर?’ संध्याकाळी घरात नव्हे, वाटेत चालताना किंवा दवाखान्याच्या बाकावर बोललेलं बरं. सासूबाईंच्या कानावर जात नाही. लागण आधी नवऱ्याच्या तपासणीत कळली असेल तर त्यानेही तसंच, दोष न देता बोलावं. आणि बोललं तर मार पडेल अशी भीती असेल, तर एकटीने बोलूच नका. समुपदेशकांना आधी सांगा. ते नवऱ्याला ‘नेहमीच्या तपासणीसाठी’ बोलावून घेतात.

कोकणात आणखी एक गोष्ट असते. नवरा मुंबईला कामाला, गणपतीला आणि शिमग्याला घरी. बाई इथे श्रावणात औषध पुरं करते, गणपतीत पुन्हा लागण. अशा जोडप्यांनी फोनवर आठवडा ठरवावा: त्याने तिकडच्या दवाखान्यात, तिने इथे, एकाच सोमवारपासून सुरू. तिकडे जाताना तिच्या रिपोर्टचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असू दे, म्हणजे त्याला सगळं तोंडाने सांगावं लागत नाही. ते जमलं नाही तर भेटीत, औषध संपेपर्यंत, निरोध. तो लागण पूर्ण थांबवत नाही, पण बरीच कमी करतो.

दोनापेक्षा जास्त जोडीदार असतील तर प्रत्येकाला कळायला हवं. हे वाचायला कुणाला आवडत नाही. जंतूला मात्र त्याचं काही नसतं.

पायरी ६: तीन महिन्यांनी पुन्हा

त्रास गेला की कुणी परत येत नाही. स्त्रियांनी यावं, तीन महिन्यांच्या आत एकदा, काही जाणवत नसलं तरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी त्या तारखेला नुसती टिंब करून ठेवा. पीसीआरसारखी तपासणी करणार असाल तर औषध संपल्यावर निदान तीन आठवडे जाऊ द्या. त्याआधी मेलेल्या जंतूचे अवशेषच सापडून रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येतो.

पुन्हा सापडला तर आधी हे तपासायचं: सातही दिवस गोळ्या झाल्या का, उलटी झाली का, त्याने खरंच घेतल्या का, मधे संबंध आला का. बहुतेक वेळा उत्तर इथेच मिळतं. सगळं नीट होऊनही जंतू तसाच असेल तर औषधाला दाद न देणारे ट्रायकोमोनासही असतात, थोडे. त्यांना जास्त दिवस, जास्त डोस किंवा टिनिडाझोल लागतं, आणि ते तज्ज्ञांनीच द्यायचं. तेव्हा नवा केसपेपर काढताना जुना सोबत घेऊन जा, दोघांचाही, आणि खिडकीवर सांगा की दोन पेपर एकत्र पिनअप करा.